शून्यावरचा शेंदूर

काल संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मार्च संपत आला की माझ्या टेबलावर असे गठ्ठे येतात आणि खिडकीतून मोहाच्या फुलांचा वास येतो. क्वार्टरांच्या रांगेमागे दोन जुने मोह आहेत. टाउनशिप आखताना ते कसे वाचले कोण जाणे. आठवीच्या एका मुलीनं पानभर आकडेमोड केली होती. कंस सोडवले, चिन्हं बदलली, इकडचं तिकडे नेलं, आणि या सगळ्याच्या शेवटी तिचं उत्तर आलं शून्य. तेच बरोबर होतं. पण तिला ते पटलं नसावं. एवढी मेहनत करून हाती काहीच येऊ नये? तिनं त्या शून्याशेजारी पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं. मग ते खोडलं होतं, तरी खूण राहिली होती.

मी तिला पूर्ण गुण दिले आणि पुढचा पेपर उघडलाच नाही. कारण त्या प्रश्नचिन्हापाशी मला एक जुना चैत्र सापडला. रशियनांच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटायच्या आधीचा. त्या वर्षी मी मॅट्रिकला बसणार होते, आणि आमच्या घरात शून्य नावाची वस्तू रोजच्या बोलण्यात आली होती, पीठमीठ यावं तशी.

भिलाईबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, इथे काही नव्हतं. बाहेरून आलेला प्रत्येक जण हे म्हणतो, आणि मीही बाहेरूनच आलेली, त्यामुळे मीही पुष्कळदा म्हटलं आहे. लाल मुरमाचं मैदान, उन्हात थरथरणारी हवा, जामुलकडून येणारा धुळीचा वारा आणि त्यात मध्येच उभी असलेली एखादी लोखंडी क्रेन, एवढंच माझ्या पहिल्या आठवणीत आहे. पण बाबांच्या टोळीत बिसाहिन नावाची एक बाई होती. रेजा, म्हणजे टोपलीनं माती वाहणारी मजूर. उतईच्या बाजूनं रोज पायी यायची. ती एकदा पाणी पिता पिता सहज म्हणाली, "इहां हमर खेत रिहिस, बाबू." इथे आमचं शेत होतं. तिनं हात करून दाखवलं ती जागा मला बाकीच्या मैदानापेक्षा वेगळी दिसली नाही. तिला मात्र तिथला बांध दिसत होता. त्या दिवसापासून "काही नव्हतं" हे शब्द मी जरा जपून वापरते. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ एवढाच असतो, की आपण तेव्हा तिथे नव्हतो.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, साकोलीच्या बाजूचे. चार भावांत वाटणी झाल्यावर बाबांच्या वाट्याला धानाची एक बांधी आली, ती एवढी लहान की तिच्यात बैल वळवायलाही शेजाऱ्याच्या बांधीत जावं लागे. बाबा म्हणजे डोमाजी. दुसरी पास. भिलाईत आले आणि सर्व्हेच्या टोळीत खलाशी झाले. गावात पत्र गेलं तेव्हा आजोबांना वाटलं, डोमा समुद्रावर गेला. त्यांनी उलट पत्र लिहवून घेतलं, की पाण्याशी सांभाळून राहावं. सर्व्हेतला खलाशी म्हणजे दुर्बिणीसमोर आकड्यांची लांब पट्टी सरळ धरून उभा राहणारा माणूस, हे आम्हाला इथे आल्यावर कळलं. दुर्बिणीमागे भुसारी साहेब असत. ओव्हरसिअर, दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले. बाबांचं काम एवढंच, की पट्टी हलू द्यायची नाही. ते सांगायचे, "उभं राहाचं आन् काही कराचं नाही. लय अवघड काम होय ते." माय म्हणायची, "घरी त न शिकताच येते तुम्हाले."

त्या पट्टीची दिवसातली पहिली जागा ठरलेली होती. मैदानाच्या एका कडेला सिमेंटचा एक चौथरा होता, गुडघ्याएवढाही उंच नसेल, आणि त्याच्या मधोमध एका लोखंडी सळईचं गोल डोकं वर आलेलं होतं. बोराएवढं. सकाळी पट्टी आधी त्या डोक्यावर ठेवायची, भुसारी साहेबांनी दुर्बिणीतून वाचायचं, आणि मग दिवसभर जे मोजायचं ते त्याच्यापासून मोजायचं. बेंच मार्क म्हणत त्याला. टोळीतली माणसं मात्र त्याला शून्यच म्हणत. "शून्यापाशी भेटू." "डबा शून्याजवळ ठेवला आहे." एखाद्या गावात चावडीचं किंवा पाराचं नाव घ्यावं तसं.

मला गणितात उणे संख्या कळत नव्हत्या. माझी शाळा दुर्गला, हिंदीतली. तिथल्या बहनजी फळ्यावर एक आडवी रेघ काढायच्या, मध्ये शून्य मांडायच्या आणि म्हणायच्या, मान लो. मी सगळं मानत होते, पण जे काहीच नाही त्याच्याहूनही कमी काय असू शकतं, हे मला मानता येत नव्हतं. सहामाहीला मी त्याच प्रश्नांत पडले. एका रविवारी बाबा म्हणाले, "चाल, तुले दाखवतो." आणि मला साइटवर घेऊन गेले.

चौथऱ्याशी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "हे काय होय?"

"लोखंड."

"लोखंड त होय. पण उंच किती आहे?"

मी हातानं मापायला लागले तसे ते हसले. "शून्य. याची उंची शून्य. रूसी साहेबानं कागदावर तसं मांडलं. आता सारा कारखाना याच्यावरून."

"पण बाबा, हे तर जमिनीच्या वर आहे."

"जमिनीचा काय भरोसा? आज खनली, उद्या भरली. हे हालत नाही, म्हनून हे शून्य."

मग त्यांनी मला मोठ्या खड्ड्याच्या काठावर नेलं. तिथे एक अजस्र यंत्र बसायचं होतं आणि त्याच्या पायासाठी गेले कित्येक महिने खणणं चाललं होतं. रविवार असूनही काम बंद नव्हतं, कारण पावसाळ्याच्या आत पाया वर यायला हवा होता. अगदी तळाशी, वरून बाहुलीएवढी दिसणारी बिसाहिन टोपली भरून घेत होती.

"ती बाई उभी आहे ते उणे सात," बाबा म्हणाले.

"उणे म्हणजे नाहीच ना?"

"नाही कशी? उभी आहे, घाम गाळून राहिली, टोपली उचलून राहिली. जाय, तिले सांगून पाह्य तू नाहीस म्हनून. टोपली घालीन तुह्या डोक्यात."

बिसाहिन शिडीनं वर येत होती. मी मोजत होते. उणे पाच, उणे चार, उणे तीन. ती वर आली, माझ्या शेजारून गेली, ढिगाऱ्यावर चढून माती ओतली, आणि मला अचानक दिसलं, की ती आता अधिक दोनवर आहे. एकच बाई, तेच श्वास, तीच टोपली. शून्य ओलांडताना तिला काहीही झालं नव्हतं. त्या दिवसानंतर उणे संख्येचं गणित माझं कधी चुकलं नाही. मी आज मुलींना शिकवते तेव्हा फळ्यावर आडवी रेघ काढत नाही, उभी काढते, शिडीसारखी.

त्या खड्ड्यापाशी मी पुढे पुष्कळदा गेले. शेकडो माणसं महिनोन्महिने राबून जे तयार करत होती ते शेवटी काय होतं? एक पोकळी. वाहून नेलेली माती किती होती हे कळावं म्हणून खड्ड्यात मध्ये मध्ये मातीचे खांब न खणता ठेवत. खांबाचा माथा म्हणजे मूळची जमीन. त्यावर वाळलेलं गवतसुद्धा तसंच असे. जी माती आता नाही, तिच्या वतीनं ते खांब उभे असत. आणि भुसारी साहेबांच्या दुर्बिणीवर काचेची एक बारीक नळी होती, तिच्यात एक बुडबुडा. तो बुडबुडा बरोबर मध्ये आल्याशिवाय साहेब डोळा लावत नसत. त्यांनी एकदा मला तो पाहू दिला. मी विचारलं, "यात काय भरलं आहे?" ते म्हणाले, "द्रव भरला आहे. बुडबुडा म्हणजे भरायची राहिलेली जागा." एवढ्या मोठ्या लोखंडी उभारणीचा सरळपणा त्या न भरलेल्या जागेवर अवलंबून होता. मी सोळा वर्षांची होते. घरी येईपर्यंत माझ्या मनात दुसरं काही आलं नाही.

भुसारी साहेबांबद्दल इथे लिहायला हवं. मराठी आमच्या घरात बोलली जायची, पण वाचायला मिळाली ती त्यांच्या घरच्या कपाटातून. ते दर पंधरा दिवसांनी बाबांबरोबर एक पुस्तक पाठवायचे. पहिल्या पानावर त्यांचं नाव शाईनं लिहिलेलं असायचं, डावीकडे कललेल्या टोकदार अक्षरांत. ते अक्षर मी इतक्या वेळा पाहिलं, की डोळे मिटूनही मला ते दिसायचं. मी आज हे लिहिते आहे ते त्या कपाटाच्या जोरावर.

त्या चैत्रात दोन गोष्टी एकदम येऊ घातल्या होत्या. एक माझी परीक्षा आणि दुसरी पक्क्या नोकरीची यादी. खणणं संपत आलं होतं, त्यामुळे कच्च्या हजेरीवरची बरीच माणसं कमी होणार होती. यादीत नाव आलं नाही तर टिनाच्या शेडमधली आमची खोली सोडायची आणि साकोलीला परतायचं. तिथे मुलींची शाळा चौथीपर्यंत होती. घरात कोणी हे उघड बोलत नव्हतं. माय संध्याकाळी दारात उभी राहायची. मी विचारलं, काय झालं, तर म्हणायची, "काही नाही." आपल्या घरांत हे दोन शब्द किती जड असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला मी अधिक काय सांगू?

आणि परीक्षेच्या आदल्याच आठवड्यात साइटवर एक चूक सापडली.

त्या अजस्र यंत्राचा पाया दोन भागांत भरायचा होता. पहिला भाग पौषाच्या सुरुवातीला भरून झाला होता. दुसऱ्याची लोखंडी बैठक आता पातळीवर बसवली, तेव्हा दोन्हींत चार मिलिमीटरचा फरक निघाला. नवी बाजू उंच. आमच्या स्वयंपाकघरात चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, भाकरीची जाडी त्याहून जास्त असते. पण त्या यंत्राचा दांडा दोन्ही बाजूंवर टेकून फिरणार होता, तिथे ते चालणार नव्हतं. भुसारी साहेबांनी तीन दिवस दुर्बीण तपासली, पट्टी तपासली, वह्या तपासल्या. नवी मोजणी दहादा केली, दहाही वेळा तीच आली. म्हणजे जुनी चुकली असणार. पौषातलं पक्कं काँक्रीट छिन्नीनं फोडायचं ठरलं. ती मोजणी भुसारी साहेबांची होती, आणि फोडल्यावर ठपका त्यांच्यावरच येणार होता. बाबा जेवताना हे सांगत होते. "साहेब जेवले नाहीत आज. डबा तसाच वापस नेला."

मग त्यांनी मायला विचारलं, "जवसाचं तेल संपलं का?"

"संपन नाही त काय होईन? भाजीत एक पळी आन् तुमच्या त्या खुट्याले एक पळी," माय म्हणाली. "शेंदराची पुडीबी संपली. गावच्या मारोतीच्या अंगावर शेंदूर चढून चढून नाक दिसते का आता? कान दिसते का? तुमच्या शून्याचंबी तसंच होऊन राहिलं असन."

बाबांचा हात ताटात थांबला.

मी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू खाली उतरत होतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि हात धुतला.

"काय झालं?" मायनं विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले.

पहाटे त्यांनी मला उठवलं. "चाल माह्या संग."

"मला कशाला?" माझा पेपर चार दिवसांवर होता.

"तू संग असली त मी अर्ध्यातून परतनार नाही."

आम्ही चालत गेलो. उजाडत होतं, मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. बाबा वाटेत एकदाच बोलले. पौषी पुनवेला, बिसाहिनच्या तोंडून तिथल्या शेताचं ऐकल्यावर, त्यांनी त्या लोखंडाला शेंदराचं पहिलं बोट लावलं होतं. जिथून सगळ्यांनी मोजायचं तिथे आधी कुणाचा तरी बांध होता, आणि बांधावर काही ना काही देव असतोच, त्याचं काय झालं असेल, असं त्यांच्या मनात आलं. नंतर ते रोजचंच झालं. संध्याकाळी काम संपलं, सगळे गेले, की एक बोट.

भुसारी साहेब आमच्या आधी पोचले होते. सिमेंटच्या पोत्यांवर बसले होते, डोळे लाल. खड्ड्याच्या काठावर माणसं छिन्न्या घेऊन थांबली होती. रशियन साहेब आणि त्यांचा दुभाष्या नुकतेच जीपमधून उतरत होते.

"साहेब, जुनं फोडू नोका," बाबा म्हणाले. "जुनं बरोबर आहे."

"डोमाजी, मी तीन रात्री झोपलेलो नाही. बाजूला हो."

"चूक माही होय."

"तुझी कशी? तू फक्त पट्टी धरतोस."

"पट्टीच्या खाली पाहा."

भुसारी साहेब उठले, चौथऱ्यापाशी वाकले आणि त्यांनी त्या गोल डोक्यावरून बोट फिरवलं. "हा रंग कुणी दिला?"

"रंग नोहे साहेब. शेंदूर होय. जवसाच्या तेलातला. मी लावतो."

"कधी?"

"रोज. पुसाच्या पुनवेपासून." आणि मग, अशा वेळीसुद्धा, त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. "एकबी दिवस चुकला नाही."

भुसारी साहेबांनी चष्मा काढला. ते रागावले होते की रडणार होते, मला सांगता येणार नाही. "अरे पण शून्याला कुणी शेंदूर लावतं का?"

"तुम्हीच म्हनलं साहेब, सारं याच्यापासून. चिमणी याच्यापासून, भट्टी याच्यापासून. मंग याच्याहून मोठा कोन?"

छिन्नीवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. साहेबांनी त्याच्याच हातातली छिन्नी घेतली.

जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर दगडासारखा बसतो. नळांच्या सांध्यांत फिटर तेच भरतात, हे मला नंतर कळलं. तो खरवडून निघेना. शेवटी साहेबांनी छिन्नीचं टोक हलकेच लावून एक ठोका दिला, तेव्हा तो अख्खा सुटून आला, लहानशा वाटीसारखा. खालचं लोखंड काळं आणि गुळगुळीत होतं. रशियन साहेबांनी खिशातून माप काढलं आणि त्या वाटीच्या तळाची जाडी मोजली. मग दुभाष्याकडे पाहून चार बोटं वर केली.

त्यांनी दुभाष्याला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, इसने खुद बताया?"

"जी," भुसारी साहेब म्हणाले. "खुद."

रशियन साहेबांनी बाबांकडे एकदा पाहिलं. मग छिन्नीवाल्यांना त्यांनी हातानं परत जायची खूण केली आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

आम्ही तिघं उरलो. "डोमाजी," भुसारी साहेब म्हणाले, "यादीत तुझं नाव मीच घातलं होतं. आता वरचे विचारतील."

"कापा साहेब."

"पोरीची परीक्षा आहे ना?"

"हव. तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही, म्हनून त तिले संग आनलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. मला बाबांचा राग येत होता, हे मी आज कबूल करते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? काही न बोलणं किती सोपं होतं. पण त्या सकाळी मला हेही दिसलं, की काही न बोलणं म्हणजे काही न करणं नसतं. त्या गप्प राहण्यानं एक चांगला पाया फुटला असता आणि एका चांगल्या माणसाची मान खाली गेली असती. माझा राग परतीच्या वाटेवर कुठेतरी गळून पडला. घर येईपर्यंत मी बाबांचं बोट धरलं होतं, लहानपणी धरायची तसं.

मी पेपर दिले. कसे दिले ते आठवत नाही. गणिताच्या दिवशी शिडीवरून चढणारी बिसाहिन मात्र आठवते. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी यादी लागली. बाबांनी मला वाचायला नेलं. टाइप केलेली नावं मी वरून खालपर्यंत वाचली. डोमाजी नव्हते. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. टाइप केलेली नावं संपली होती, आणि त्यांच्याखाली, कागदाच्या अगदी कडेला, शाईनं एक नाव लिहिलेलं होतं. डावीकडे कललेलं टोकदार अक्षर. शेजारी दोन मोठ्या सह्या, त्यांपैकी एक मला वाचता न येणाऱ्या लिपीत.

ते नाव आधी टाइप झालं होतं का, मग कापलं गेलं का, ते परत घालण्यासाठी कुणाला काय बोलावं लागलं, हे बाबांनी कधी विचारलं नाही आणि साहेबांनी कधी सांगितलं नाही. मीही आभार मानले नाहीत. साहेबांनी पुढच्या आठवड्यात पुस्तक पाठवलं, ते मी वाचलं, परत केलं. पुढे त्यांनीच मला रायपूरच्या कॉलेजचा अर्ज आणून दिला. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण त्याच्या कडेला मला नेहमी आणखी एक अक्षर दिसतं.

चौथऱ्याभोवती विटांची पेटी बांधली, तिला झाकण केलं, कुलूप घातलं आणि चावी बाबांकडे दिली. टोळीतले चिडवायचे, "डोमाजी, कशाची राखन करता? आतमंदी आहे काय?" बाबा शांतपणे म्हणायचे, "शून्य आहे. जास्त झालं त माह्यावर येते."

शेंदराची ती वाटी बाबांनी धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणली होती. माय म्हणाली, शिवनाथ नदीत सोडू. बाबा म्हणाले, "देवाचा नोहे तो. माही चूक होय. राहू दे घरी." ती आता माझ्या टेबलावर असते. बाहेरून खडबडीत, लाल, बाबांच्या बोटाचे वळसे अजून दिसतात. आतून मात्र गुळगुळीत पोकळ, बरोबर त्या लोखंडी डोक्याच्या आकाराची. वर्गात मी ती मुलींच्या हातांत फिरवते. भक्ती बाहेरच्या बाजूला आहे आणि शून्य आतल्या. माझ्या बाबांनी दोन्ही सांभाळलं, फक्त एकदा दोन्हींना एका जागी ठेवलं. पण हे मी वर्गात बोलत नाही. तेवढं मुलींनी आपलं आपण शोधावं.

पुढे शेड वाढत वाढत चौथऱ्यापर्यंत आली आणि चौथरा फरशीत गेला. सगळी फरशीच त्या डोक्याच्या पातळीवर घातली आहे. आज हजारो माणसं शून्यावरून चालतात, त्यांना माहीतही नसतं. शेडचे खांब आखून दिल्यावर बाबांची टोळी दुसरीकडे गेली होती, मग त्यांना त्या शेडमध्ये जायचं कारण पडलं नव्हतं. गेल्या विश्वकर्मा पूजेला घरच्यांना आत नेता येत होतं, तेव्हा आम्ही गेलो. त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून सजवतात. प्रत्येकाला हार, प्रत्येकाला शेंदराचा टिळा, नारळाच्या पाण्यानं ओली झालेली जमीन, उदबत्त्यांचा धूर. ते जुनं अजस्र यंत्रही झेंडूच्या माळांत होतं. दोन्ही बाजूंवर नीट टेकलेलं.

दाराशी बाबा चपला काढायला लागले. पहारेकरी म्हणाला, "काका, पहने रहो, नियम है." बाबांनी निमूटपणे चपला परत घातल्या. मग ते यंत्राकडे न जाता एका खांबाजवळ गेले, तिथून सात पावलं मोजली आणि थांबले. तिथे फरशीशिवाय काही नव्हतं. माणसं प्रसाद घेऊन त्यांच्या बाजूनं जात होती.

बाबा गुडघ्यावर हात देऊन सावकाश वाकले. मला वाटलं, नमस्कार करतील. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट फरशीवरून ओढलं, उठले, आणि ते बोट उजेडाकडे धरून नीट पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

"साफ आहे," ते म्हणाले, आणि आम्ही प्रसाद घ्यायला गेलो.